दम, खोकला आणि न लागणारी झोप

नवापूर तालुक्यातून परळच्या टाटा हॉस्पिटलकडे निघालेल्या रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात बहुधा कापडाच्या दुकानातली एक जाड पिशवी असते. तिच्यात सीटी स्कॅनची फिल्म, बायोप्सीचा कागद, रेशन कार्डाच्या झेरॉक्स आणि तळाशी अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. त्या पट्ट्या ओळीने मांडल्या तर आजाराचा सगळा प्रवास वाचता येतो. खोकल्याची बाटली गावातल्या डॉक्टरची. पाठदुखीची गोळी मेडिकलवाल्याने दिलेली. भुकेचं टॉनिक जावयाने सुरतहून आणलेलं. झोपेची गोळी आणखी कुणाची. आणि एवढ्या गोळ्यांनी पित्त होतं म्हणून एक पित्ताची. पाच तक्रारी, पाच औषधं, आणि रुग्ण म्हणतो, काहीच फरक नाही.

तो खरंच बोलत असतो. पुढच्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कर्करोगात ‘एक तक्रार, एक गोळी’ हा हिशेब लागत नाही, कारण तक्रारी सुट्या आलेल्याच नसतात. दम लागतो म्हणून झोप नाही. झोप नाही म्हणून अंगात त्राण नाही. त्राण नाही म्हणून घास जात नाही, आणि खाणं तुटलं की श्वासाचे स्नायूही रोडावतात, मग दम आणखी वाढतो. या फेऱ्यात आधी कशाला हात घालायचा, हा या प्रकरणाचा विषय.

खांडबारा हे सुरत–भुसावळ मार्गावरचं स्टेशन, नंदुरबार आणि नवापूर यांच्या मधलं. आसपासच्या पाड्यांवरच्या मावची, गावित, भिल्ल कुटुंबांना मोठा दवाखाना म्हणजे एका अंगाला सुरत आणि दुसऱ्या अंगाला नंदुरबार-धुळे. कर्करोगाचं नाव निघालं की नाशिक किंवा थेट मुंबई. प्रवास अवघड असला तरी अशक्य नाही. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन यांनी आजवर कितीतरी अशा कुटुंबांना छप्पर दिलं आहे. म्हणजे माणूस पोहोचतो. पण पोहोचल्यावर ओपीडीत डॉक्टरांची मोजकी मिनिटं त्याच्या वाट्याला येतात, आणि पुढच्या तारखेपर्यंतच्या सगळ्या रात्री घरच्या खाटेवर काढायच्या असतात. रात्री दोनला धाप लागते तेव्हा जवळ डॉक्टर नसतो, सून असते.

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द फाइलीवर दिसला की घरात रडारड सुरू होते. डॉक्टरांनी हात टेकले, असा त्याचा अर्थ लावला जातो. परिहारक उपचार म्हणजे रोग मुळापासून जाणार नाही हे मान्य करून आयुष्य लांबवणं आणि त्रास कमी करणं, आणि त्यात केमोथेरपी, रेडिएशन, रोजच्या गोळ्या हे सगळं येतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास घ्या. ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या, रोग पसरलेल्या ३५० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती जेफिटिनिबची गोळी दिली, निम्म्यांना गोळी आणि केमो दोन्ही. गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून १६ महिने. हात टेकले असते तर हा दुप्पट काळ कुठून आला असता? मात्र त्याच अभ्यासात तीव्र दुष्परिणाम गोळीच्या गटात २५ टक्के रुग्णांना झाले आणि दोन्हींच्या गटात ५१ टक्के रुग्णांना. केमोचा थकवा आणि मळमळ, गोळीचं अंगावरचं पुरळ आणि जुलाब हे आजाराच्या लक्षणांत मिसळून जातात. घरच्यांना हे वेगळं काढता येत नाही. खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही पुष्कळदा येत नाही.

लक्षणांकडे एकत्र पाहण्याची कल्पना तशी नवी आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेत शरीर, मन, घरची चिंता आणि श्रद्धा सगळंच गुंतलेलं असतं, हे ठासून सांगितलं होतं. आपल्याकडे मुंबईच्या वांद्र्यात १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पण ‘लक्षणसमूह’ ही संशोधनाची वस्तू व्हायला २००१ साल उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या मॅरिलिन डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा म्हटलं की तीन किंवा अधिक लक्षणं एकाच वेळी असतील आणि एकमेकांशी संबंधित असतील तर त्यांना समूह म्हणावं. त्यांचं मूळ एकच असायला हवं असं नाही. डॉड या परिचारिका-संशोधक. या विषयातलं बरंचसं सुरुवातीचं काम परिचारिकांनी केलं आहे, आणि ते साहजिक आहे. डॉक्टर रोग पाहतो, परिचारिका दिवसभर माणूस पाहते.

समूह ठरवतात कसा? खांडबाऱ्याच्या बाजारात एकाच जीपमधून उतरलेली माणसं दिवसभर आसपासच दिसतात. कोण कुठल्या पाड्याचं हे न विचारता नुसतं लक्ष ठेवून ओळखता येतं. संशोधक तेच करतात, फक्त संख्याशास्त्राने. शेकडो रुग्णांची लक्षणं नोंदवायची आणि कोण कोणाबरोबर वारंवार दिसतं ते पाहायचं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे डेक्लन वॉल्श यांनी २००६ मध्ये वाढलेल्या कर्करोगाच्या ९२२ रुग्णांची २५ लक्षणं अशी तपासली, तेव्हा सात समूह निघाले. एकट्या फुप्फुसाच्या कर्करोगापुरतं ऑड्री गिफ्ट यांचं २००३ चं काम महत्त्वाचं. नुकतंच निदान झालेल्या वयस्क रुग्णांत त्यांना थकवा, अशक्तपणा, मळमळ, उलटी, भूक जाणं, वजन घटणं आणि तोंडाची चव बदलणं ही सात लक्षणं एकत्र सापडली, आणि तीन व सहा महिन्यांनी पाहिलं तरी ती एकत्रच होती.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. अभ्यास बदलला की समूहही थोडे बदलतात. कुठली प्रश्नावली वापरली, रुग्ण कोणत्या टप्प्यावर होते, गणित कोणतं लावलं, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून सात की पाच या वादात सामान्य वाचकाने पडू नये. फुप्फुसाच्या बाबतीत तीन जोडण्या पुन्हापुन्हा दिसतात आणि घरी उपयोगी पडतात त्या तेवढ्याच. दम-खोकला-थकवा ही पहिली. भूक-चव-वजन-मळमळ ही दुसरी. वेदना-झोप-उदासी ही तिसरी.

पहिलीकडे जास्त वेळ थांबू या, कारण घरातली माणसं सर्वात जास्त घाबरतात ती धापेला.

गाठीमुळे श्वासनलिका अरुंद होते, छातीत पाणी साठतं, कधी फुप्फुसाचा एखादा भाग बंद पडतो. खोकल्याची उबळ आली की श्वास तुटतो, श्वास तुटला की जीव घाबरतो, घाबरलं की श्वास उथळ आणि भराभर होतो. उथळ श्वासात मेहनत जास्त आणि हवा कमी, म्हणून थकवा. थकलेल्या माणसाला जोर लावून बेडका काढता येत नाही, तो घशात अडकतो आणि पुन्हा उबळ. नुसती खोकल्याची बाटली पाजून हा फेरा तुटत नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या परिचारिका-संशोधकांनी म्हणूनच या तिघांवर मिळून एकच कार्यक्रम आखला. त्यात श्वास सावकाश सोडायला शिकवणं होतं, उबळ येतेय असं वाटताच गिळण्याची किंवा घोट घेण्याची सवय होती आणि दिवसभराच्या कामांत ताकद राखून ठेवण्याची रीत होती.

यात खांडबाऱ्याला परवडेल असं पुष्कळ आहे. रुग्णाने आडवं न पडता खाटेच्या कडेला बसावं, पुढ्यात उशी किंवा घडी केलेली गोधडी घेऊन त्यावर कोपर टेकून किंचित वाकावं. ओठ शीळ घालताना करतो तसे करून श्वास लांब सोडावा. आणि चेहऱ्यावर वारा घ्यावा. हे आजीबाईच्या बटव्यातलं वाटेल, पण केंब्रिजमध्ये ५० रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हातातला छोटा पंखा पाच मिनिटं चेहऱ्याकडे धरल्यावर धापेची जाणीव पायाकडे धरल्यापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. गाल आणि नाक यांच्या भागातल्या मज्जातंतूला गार वारा लागला की मेंदूला श्वासाची तगमग कमी जाणवते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आलेला दुसरा अभ्यास याहून डोळे उघडणारा आहे. रक्तातला ऑक्सिजन फारसा घटलेला नाही पण दम मात्र लागतो, अशा २३९ रुग्णांपैकी काहींना नळीने ऑक्सिजन दिला आणि काहींना त्याच नळीने साधी हवा. आराम दोघांना सारखाच वाटला. आपल्याकडे धाप लागली की पोरं पहिल्यांदा सिलिंडर शोधायला धावतात, महिन्याचं भाडं भरतात, शेतावर उसनवारी करतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आरोग्य केंद्रात असतं. आकडा खरोखर घसरला असेल तर ऑक्सिजन हवाच. नसेल तर पैसे वाचवून दाराजवळ खाट हलवावी आणि टेबलफॅन आणावा. छातीत पाणी साठलं असेल तर मात्र पंखा पुरणार नाही, ते सुईने काढावं लागतं, आणि काढल्याबरोबर माणूस तासाभरात वेगळा दिसतो.

चुलीचं काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात कोळसा जाळण्याचा धूर कर्कजनक ठरवला आहे आणि लाकडाचा धूर ‘बहुधा कर्कजनक’. विडी न ओढलेल्या बायकांनाही हा रोग का होतो, या प्रश्नाचा एक धागा तिथे आहे. पण रोग झाल्यावर चर्चा कारणाची करायची नसते. ज्या घरात एकच खोली आहे आणि तिथेच चूल आहे, तिथे धूर हा रोजचा ठसका असतो. गॅस सिलिंडर कोपऱ्यात रिकामा उभा असेल तर घरात रुग्ण असेपर्यंत तरी तो भरून आणावा. नंदुरबार हा मिरचीचा जिल्हा, फोडणीचा खाट इथे घराघरात उठतो. निदान भाजणी-फोडणी चालू असताना रुग्णाला ओसरीवर बसवावं. एवढ्याने खोकला बरा होत नाही, पण रात्रीच्या दोन उबळी कमी झाल्या तर झोप वाढते, आणि झोप वाढली की दुसऱ्या दिवशीचा थकवा कमी. समूहाकडे पाहण्याचा व्यवहारातला फायदा हाच आहे.

दुसरी जोडणी जेवणाची. इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. ‘खात नाही म्हणून अशक्त झालास’ असं घरचे म्हणतात, आणि रुग्णाला वाटतं आपण मुद्दामच खात नाही असा सगळ्यांचा समज आहे. वस्तुस्थिती उलट्या बाजूने सुरू होते. गाठ आणि तिच्याशी लढणाऱ्या पेशी रक्तात दाह वाढवणारे रेणू सोडतात. त्यातला टीएनएफ नावाचा रेणू एका काळी ‘कॅकेक्टिन’ म्हणून ओळखला जायचा, कारण तो प्राण्यांचं मांस झडवतो असं दिसलं होतं. हेच रेणू मेंदूत भूक मारतात, चव बिघडवतात, अंग मोडून टाकतात. तापात आपल्यालाही जेवणाची किळस येते, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. इथे ती अवस्था महिनोन्‌महिने चालते. म्हणून जबरदस्तीने ताट पुढे सारून वजन भरून निघत नाही. नागलीची पातळ आंबील, तुरीच्या डाळीचं वरण घातलेला मऊ भात, दिवसातून सहा-सात वेळा थोडंथोडं, आणि मागेल तेव्हा मागेल ते, एवढं पुरे.

औषधाकडून मात्र मदत होते, आणि त्यातला एक चांगला पुरावा भारतातला आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये केमो घेणाऱ्या फुप्फुस आणि पोटाच्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांवर ओलान्झापीन या जुन्या, स्वस्त गोळीचा अभ्यास झाला. मूळची ती मानसिक आजाराची. अगदी कमी मात्रेत, अडीच मिलिग्रॅम रोज दिल्यावर ६० टक्के रुग्णांचं वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. तीच गोळी मळमळ थांबवते आणि थोडी झोपही आणते. म्हणजे एका गोळीने समूहातली तीन-चार लक्षणं हलतात. याउलट डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भूक आणि उत्साह दोन्ही वाढवतं, पण संध्याकाळी घेतलं तर रात्रभर टक्क जाग ठेवतं आणि साखर चढवतं. ते सकाळीच घ्यायचं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. वाचून सांगणारा कुणी नसतो.

आणि तोंडात टॉर्च मारून पाहावं. जिभेवर, गालांच्या आत दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असते, स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांत वरचेवर होणारी. चव जाणं, घास गिळताना आग होणं, खाणं तुटणं हा सगळा प्रकार साध्या बुरशीनाशक औषधाने आठवड्याभरात सुधारू शकतो. इतकं सोपं कारण इतक्या वेळा सुटून जातं, की मला राग येतो.

तिसरी जोडणी वेदना, झोप आणि मन यांची. फुप्फुसाचा कर्करोग हाडांत जातो. पाठ, बरगड्या, खुबा. रात्री वेदना वाढते, झोप जाते, जागेपणी विचार येतात आणि सकाळी माणूस कुणाशी बोलत नाही. घरचे म्हणतात, खचला. खचला असेलही, पण आधी रात्रीची वेदना थांबवून पाहावी. पुष्कळदा निम्मी उदासी तिथेच ओसरते. तशी ओसरली नाही तर उदासीवर वेगळे उपचार आहेत आणि ते मागण्यात लाज नाही.

वेदनेचं मुख्य औषध मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून त्याला वेदनाशमनाच्या वरच्या पायरीवर ठेवलं आहे. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच पट्ट्यात सरकारी परवान्याने पिकते, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने तेच औषध देशातल्या रुग्णाला मिळेनासं झालं. एकेका बाटलीसाठी चार-पाच परवाने लागायचे. २०१४ मध्ये कायदा बदलला, देशभर एकच पद्धत आली, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरीही तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळणार नाही. मुंबई-नाशिकहून निघताना पुढच्या तारखेपर्यंत पुरेल एवढं आणि चिठ्ठीसह घेऊन निघावं, दर चार तासांनी घड्याळ लावून द्यावं, दुखण्याची वाट पाहू नये. ‘हे शेवटचं औषध, एकदा सुरू झालं की माणूस गेला’ ही समजूत खोटी आहे. महिनोन्‌महिने मॉर्फिनवर राहून हिंडणारी-फिरणारी माणसं आहेत.

मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठता हमखास येते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं की ती तिन्ही समूहांत शिरते. पोट फुगून छातीच्या पडद्याला वर ढकलतं, दम वाढतो. मळमळ होते, भूक जाते. कळांनी झोप उडते. म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध सोबत द्यायचंच. इसबगोल मात्र नको. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात तो गोळा होऊन बसू शकतो. सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांसारखी आतड्याला चालना देणारी औषधं बरी, तीही डॉक्टरांना विचारून.

या भागात दोन जुने आजार या नव्या आजाराच्या आड येतात. एक क्षय. खोकला, बेडक्यात रक्त, वजन घटणं, बारीक ताप हा समूह दोन्हींचा सारखाच, म्हणून कितीतरी रुग्णांना आधी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू होते आणि काही महिने त्यात जातात. थुंकीत जंतू सापडलेले नसताना आणि औषध नीट घेऊनही दोन महिन्यांत काहीच फरक नसताना सीटी स्कॅनची मागणी करायला घरच्यांनी कचरू नये. दुसरा सिकलसेल. नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत तो इतका परिचयाचा आहे की हाडं दुखली, फिकटपणा आला, थकवा आला की ‘सिकलच असेल’ म्हणून विषय संपतो. पण सिकलसेलचा नुसता वाहक असलेल्या माणसाला सहसा असं दुखत नाही. साठीच्या वाहक माणसाची पाठ नव्याने, रात्रंदिवस दुखू लागली तर त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

आता विचारण्याची बाब. वॉल्श यांच्याच गटाने २०० रुग्णांवर पाहिलं की ‘काय त्रास होतोय?’ असं मोघम विचारल्यावर रुग्ण साधारण एक लक्षण सांगतो, आणि यादी घेऊन एकेक विचारलं की दहा निघतात. क्लीव्हलँडमध्ये एक, तर खांडबाऱ्यात किती? इथला म्हातारा माणूस डॉक्टरपुढे ‘बरं आहे साहेब’ म्हणतो आणि गप्प बसतो. घरी मावचीत बोलणारा, ओपीडीत मराठी किंवा हिंदीत प्रश्न ऐकणारा. कॅनडातल्या एडमंटनमध्ये एदुआर्दो ब्रुएरा यांनी १९९१ साली तयार केलेली छोटी तालिका जगभर वापरली जाते: वेदना, थकवा, मळमळ, उदासी, चिंता, झोपाळूपणा, भूक, एकूण बरं वाटणं, धाप, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. ज्याला दहापैकी सात म्हणजे काय ते उमगत नाही त्याला रुपयात विचारावं. सोळा आणे दुखणं म्हणजे सहन होईना, आज किती आणे? जुन्या पिढीला हा हिशेब चटकन कळतो.

असं नियमित विचारल्याने नुसतं बरं वाटतं की आयुष्यही वाढतं? फ्रान्समध्ये फाब्रिस दनी यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना दर आठवड्याला घरून इंटरनेटवर आपली लक्षणं भरायला सांगितलं. ठरावीक लक्षणं वाढली की दवाखान्याला इशारा जाई. २०१७ च्या त्यांच्या निष्कर्षात अशा रुग्णांचं मध्यम आयुर्मान १९ महिने आलं, नेहमीच्या तारखांवर येणाऱ्यांचं १२. बोस्टनमध्ये जेनिफर टेमेल यांनी २०१० मध्ये १५१ रुग्णांवर दाखवलं होतं की निदानापासूनच परिहार सेवा जोडली तर मध्यम आयुर्मान ८.९ वरून ११.६ महिन्यांवर जातं, तेही शेवटच्या काळात कमी आक्रमक उपचार घेऊन. हुरळून जाण्याआधी हेही लक्षात घ्यावं की टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या कर्करोगाच्या १८० रुग्णांवर अशीच लवकर परिहार सेवा दिली तेव्हा काही फरक पडला नाही. रोग वेगळा, रुग्ण वेगळे. बाहेरची रीत जशीच्या तशी उचलून चालत नाही. माझ्या मते आपल्याकडे त्या सेवेपेक्षा दनी यांची आठवड्याची विचारपूस, फोनवरून, आधी रुजेल, कारण तिच्यासाठी परळ गाठावं लागत नाही. गावच्या आशाताईंकडे फोन आहे, त्यांना घर माहीत आहे, भाषा येते. आठवड्यातून एकदा नऊ प्रश्न आणि नऊ आकडे वहीत, एवढंच.

अडचण दिवाळीनंतर येते. नंदुरबारची कितीतरी कुटुंबं तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि घरी म्हातारी माणसं नि लहान मुलं उरतात. रुग्णाची वही तेव्हा शाळकरी नातवाच्या हाती येते. हे लक्षात घेऊनच डॉक्टरांनी उपचार आखायला हवेत. रेडिएशनचं उदाहरण बोलकं आहे. हाडाच्या वेदनेवर आठ ग्रेचा एकच डोस अनेक दिवसांच्या डोसांइतकाच आराम देतो, फार तर पुढे कधी तो पुन्हा द्यावा लागतो. छातीतल्या गाठीसाठी ब्रिटनमध्ये १९९१ सालीच दिसलं की आठवड्याच्या अंतराने दिलेले दोन मोठे डोस खोकला, रक्त आणि वेदना यांवर दहा छोट्या डोसांइतकेच चालतात. ज्याचं घर परळहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे त्याने ‘कमी फेऱ्यांत होईल का?’ हा प्रश्न न लाजता विचारावा. सगळ्यांना ते लागू पडेल असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणारही नाही.

काही समूह मात्र वहीत लिहून ठेवण्याचे नसतात. तहान फार लागते, लघवी जास्त होते, शौच बंद, मळमळ, आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा झोपूनच राहतो: हे रक्तातलं कॅल्शियम चढल्याचं असू शकतं. घरचे याला ‘आता शेवट आला’ म्हणतात, आणि ते सलाइन व इंजेक्शनने काही दिवसांत उतरवता येतं. चेहरा आणि मान सुजून गळ्याच्या शिरा फुगल्या, वाकल्यावर डोकं जड झालं तर छातीतली मोठी शीर दाबली गेली असण्याची शक्यता. सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, एका बाजूला अशक्तपणा, तर मेंदूची तपासणी. एका खांद्यात आणि हाताच्या करंगळीकडे सतत कळ, सोबत त्याच बाजूची पापणी उतरलेली, तर तो नुसता ‘आखडलेला खांदा’ नव्हे. फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठ नसांवर दाबते तेव्हा असं होतं. आणि पाठीची वेदना अचानक वाढून पायांतली ताकद गेली, बधिरपणा आला, लघवी अडली, तर मणक्यातली मज्जारज्जू दाबली जात आहे. पाय पूर्ण जाण्याआधी स्टेरॉइड आणि रेडिएशन मिळालं तर माणूस चालू शकतो. एकदा गेलेले पाय सहसा परत येत नाहीत. त्या दिवशी पुढची तारीख किंवा सकाळची पॅसेंजर यांची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करावा, पाठ न वाकवता माणसाला सपाट उचलावं, फाइल सोबत घ्यावी, आणि ज्या मोठ्या रुग्णालयात पहिली खाट मिळेल तिथे त्याच रात्री पोहोचावं.